बेस वाजतो पण बसत नाही: नाशिकच्या नव्या बीटमेकरांसाठी

"दादा, बेस अजून जड पाहिजे." नवी पोरं-पोरी बीट (रॅपखाली वाजणारं संगीत) पाठवतात तेव्हा सोबत हा मेसेज ठरलेला. सिडकोतून येवो, पंचवटीतून येवो, मजकूर तोच. फाइल उघडली की दिसतं, बेसचा मीटर आधीच लाल झालाय, मास्टरवर (सगळ्या ट्रॅकच्या एकत्र आवाजावर) लिमिटर, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणारं यंत्र, कसाबसा तग धरून आहे आणि तरीही बीट पोकळ वाटतेय. म्हणजे आवाज कमी पडत नाहीये, अडचण दुसरीकडे आहे.

बेस जड वाटतो तो सुरामुळे, किकशी (ड्रमच्या खालच्या जड ठोक्याशी) जमल्यामुळे आणि बाकीच्या वाद्यांनी खाली जागा सोडल्यामुळे. फेडर, म्हणजे आवाजाची कळ, वर ढकलणं हे सगळ्यात शेवटचं काम. खाली पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. पहिल्याच बीटला सगळ्या जमणार नाहीत, पण क्रम शक्यतो मोडू नका.

पायरी १: खोली आणि कान

सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं यावर पोरं महिनोन्‌महिने घोळ घालतात. मोबाइलच असेल तर बँडलॅब फुकट आहे. लॅपटॉप असेल तर एफएल स्टुडिओ हाताला लवकर बसतं. त्याच्या ट्रायलमध्ये जवळजवळ सगळं वापरता येतं, फक्त सेव्ह केलेला प्रोजेक्ट पुन्हा उघडत नाही, म्हणून उठण्याआधी प्रत्येक ट्रॅक वेव्ह फाइल करून बाहेर काढा. एलएमएमएस पूर्ण मोफत आहे. बेससाठी सिंथ (सूर तयार करणारं सॉफ्टवेअर वाद्य) हवा तर व्हायटलची मोफत आवृत्ती वर्षानुवर्षं पुरेल. झालं, पुढे चला.

हेडफोन मात्र नीट बघून घ्या. एमजी रोडवर दुकानात गेलात की काउंटरवरचा माणूस 'एक्स्ट्रा बेस'वालाच पुढे करणार. तो घेऊ नका. जो हेडफोन स्वतःच बेस वाढवून ऐकवतो, त्यावर बीट केली तर तुम्ही बेस कमी ठेवणार आणि दुसऱ्यांच्या कानात बीट पातळ पडणार. साधा, वायरचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन बरा. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा येतो, त्यामुळे पॅडवर हाताने किक वाजवताना लय चुकते. आणि फोनमधला इक्वलायझर आधी बंद करा. 'बेस बूस्ट' चालू ठेवून मिक्स करणारे मी बरेच पाहिले आहेत.

आता खोली. आपल्याकडे स्टुडिओ म्हणजे बहुधा दहा बाय दहाची बेडरूम, एका बाजूला कपाट, एका बाजूला पलंग. या मापाची एक खोड आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ५६ हर्ट्झच्या लहरीची लांबी सहा मीटरच्या जरा वर. तिची अर्धी लांबी म्हणजे बरोबर दहा फूट. त्यामुळे ही लहर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अडकून बसते. भिंतीशी ती दणदणते, खोलीच्या मधोमध जवळपास गायब होते. लांबी-रुंदी सारखीच असल्यामुळे दोन्ही दिशांनी हेच होतं, आणि छतही दहा फुटांवर असेल तर तिसऱ्या दिशेनेही.

घरात होम थिएटरचा सबवूफर असेल तर ५५ हर्ट्झचा साधा साइन टोन हळू आवाजात लावा आणि खोलीच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंत चालत जा. मध्यभागी शांत, कोपऱ्यात घुमणारा. आवाजाची कळ कुणी हलवलेली नसते. आता सांगा, या खोलीच्या मधोमध बसून बेस किती ठेवायचा हे तुम्ही कसं ठरवणार?

म्हणून खुर्ची मध्यभागी नको आणि भिंतीला चिकटूनही नको. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या साधारण एकतृतीयांश अंतरावर बसा. अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवण्याच्या भानगडीत पडू नका, त्यांनी खालच्या आवाजाला काडीचाही फरक पडत नाही. भरलेलं कपाट आणि जाड गादी त्यापेक्षा थोडी तरी कामाला येते. खालच्या आवाजाचे निर्णय हेडफोनवर घ्या, स्पीकर एकूण अंदाजासाठी ठेवा.

पायरी २: आधी पट्टी धरा

गायक पट्टी विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. बीट करणारे मात्र जो सॅम्पल (रेकॉर्ड केलेला आवाजाचा तुकडा) आवडला तो टाकतात आणि ८०८ जसा पॅकमधून आला तसाच वाजवतात. नव्या बीट बेसूर वाटण्याचं हे पहिलं कारण.

८०८ म्हणजे मुळात रोलंड कंपनीचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन, १९८० साली आलेलं आणि १९८३ मध्ये बंद झालेलं. त्यातल्या किकला लेव्हल, टोन आणि डिके एवढीच बटणं होती, सूर बदलायची सोयच नव्हती. डिके वाढवला की 'ठप्प'च्या जागी लांबलचक 'धुऽऽम' यायचं. पुढे लोकांनी तो आवाज सॅम्पलरमध्ये घेतला, वेगवेगळ्या सुरांवर वाजवला, आणि किकचा बेस झाला. म्हणून ८०८ला सूर असतो आणि तो लावावा लागतो.

सूर लावायचा कसा? खाली ४०-५० हर्ट्झवर कानाला सूर नीट कळत नाही. सॅम्पल दोन सप्तकं वर चढवा, हार्मोनियमच्या अ‍ॅपशी मिळवा, जुळला की परत खाली आणा. फाइलच्या नावात 'सी' लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, फुकटच्या पॅकमध्ये ते नाव कधीकधी चुकलेलं असतं. आपल्या कानाने ठरवा आणि सॅम्पलरमध्ये मूळ सूर तोच नोंदवा.

मग प्रश्न, कुठली पट्टी? बेस भरदार वाटतो तो साधारण ४० ते ६० हर्ट्झमध्ये. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर पांढरी चारचा (एफ) खालचा सा ४३.७ हर्ट्झ, पांढरी पाचचा (जी) ४९, पांढरी सहाचा (ए) ५५. या तीन पट्ट्यांत सा नेमका मोक्याच्या जागी बसतो. पांढरी एक घेतली तर एक सा ३२.७ला, म्हणजे बहुतेक स्पीकरच्या आवाक्याबाहेर, आणि पुढचा एकदम ६५.४ला, तिथे तो तेवढा जड वाटत नाही.

नाशिकमध्ये राहून भजनाचा, गोंधळाचा किंवा घरातल्या आजीच्या ओवीचा तुकडा बीटमध्ये घ्यावासा वाटणारच. पुरुषांचं गाणं बऱ्याचदा काळी एकच्या आसपास असतं. तिथे सा ३४.६ किंवा ६९.३. दोन्हीकडे पंचाईत. अशा वेळी सॅम्पल दोन-तीन स्वर वरखाली सरकवा, किंवा बेसला सा सोडून पंचमावर जास्त थांबवा. काळी एकचा पंचम ५१.९ हर्ट्झवर येतो, मस्त जागा आहे. सगळा बेस पंचमावर ठेवला तर बीट अधांतरी वाटेल, म्हणून चार आवर्तनांत एकदा तरी सा दाखवा. आणि घरच्या ओव्या घरच्यांना विचारून घ्या. दुसऱ्याचं रेकॉर्डिंग परवानगीशिवाय घेतलं तर गाणं प्रसिद्ध झाल्यावर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो.

पायरी ३: किक आणि बेस, खाली कोण?

खालची जागा एकालाच द्यायची. हे मनाशी ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ट्रॅपसारखी (लांब ८०८ वर चालणारी रॅपची शैली) बीट असेल तर खाली ८०८ राहू द्या आणि किक छोटी, टोकदार ठेवा. तिच्यातला ६० हर्ट्झखालचा भाग हाय-पास फिल्टरने (ठरवलेल्या हर्ट्झखालचं कापून वरचं जाऊ देणारा) काढून टाका, टक्क आवाज राहील. बूम-बॅप (जुन्या धाटणीची, ठोकेबाज रॅप बीट) असेल तर बरेचदा उलटं चांगलं वाटतं: किक खाली, आणि बेसगिटारसारखी ओळ तिच्या थोडी वर, ८० हर्ट्झच्या पुढे. दोघांनाही तळाला बसवलं तर ती एकमेकांना खातात आणि मग तुम्ही दोघांचाही आवाज वाढवत बसता.

एकाच क्षणी किक आणि बेस वाजत असतील तर दोन्हींच्या वेव्ह मोठ्या करून एकाखाली एक बघा. एक वर जाताना दुसरी खाली जात असेल तर बेरजेऐवजी वजाबाकी होते. बेसच्या चॅनेलवर फेज उलटवण्याचं बटण असतं, ते दाबून ऐका आणि जे भरीव वाटेल ते ठेवा.

तरीही गर्दी वाटली तर साइडचेन: किक आली की कंप्रेसर बेसला क्षणभर खाली दाबतो. अ‍ॅटॅक अगदी कमी, रिलीज १०० मिलिसेकंदांच्या आसपास, दाब चार-पाच डीबी (डेसिबल) पुरे. तुमच्या अ‍ॅपमध्ये साइडचेन नसेल तर बेसची नोट किकनंतर वीसेक मिलिसेकंद उशिरा सुरू करा. गावठी उपाय आहे, पण चालतो.

आणखी एक. ज्या ८०८ सॅम्पलमध्ये स्वतःचाच जोरदार ठोका आहे, त्यावर वेगळी किक लादू नका. एकच पुरे.

पायरी ४: ओळ लिहा

इथे वेळ घालवा. तयार लूप टाकून बीट पूर्ण होते, पण ती तुमची होत नाही. अख्ख्या बीटमध्ये स्वतःचं काही आणायची सगळ्यात सोपी जागा बेसची ओळ आहे, कारण तीन सुरांत काम भागतं.

९० बीपीएम, म्हणजे मिनिटाला ९० मात्रा, घ्या. एका आवर्तनात चार मात्रा, प्रत्येक मात्रेचे चार भाग, म्हणजे १६ घरं. एक घर साधारण १६७ मिलिसेकंदांचं. स्नेअर (ड्रमचा वरचा, चटकदार ठोका) घर ५ आणि १३ वर. किक १, ८ आणि ११ वर.

आता पांढरी पाच पट्टीत बेस. घर १ वर सा (४९ हर्ट्झ), चौथं घर संपेपर्यंत लांब धरा आणि स्नेअर यायच्या आत तोडा. घर ८ वर सा, एकच घर, तुटक. घर ११ वर खालचा कोमल नी (४३.७), १२वं संपेपर्यंत. घर १५ वर कोमल ग (५८.३), अगदी छोटा, पुढच्या समेवर ढकलणारा. घर १६ रिकामं.

हे लावून ऐका. मग घर १५चा कोमल ग काढून ऐका. समेवर येण्याची ओढ गेलेली कळेल. मग तो परत ठेवा आणि सा पाचव्या, सहाव्या घरापर्यंत ताणा. स्नेअर एकदम लहान वाटायला लागेल, आणि तिचा फेडर तर तुम्ही हलवलाही नाही. बेस कुठे सुरू होतो हे सगळेच बघतात, कुठे थांबतो ते बघा. नोटची लांबी ही माझ्या मते नव्या माणसाने शिकायची सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, प्लगइन वगैरे नंतर.

चार आवर्तनांची ओळ करताना पहिली दोन तशीच ठेवा. तिसऱ्यात घर ८ गाळा. चौथ्यात घर ११ पासून बेस पूर्ण बंद. तिथे रॅपरचा पंच बसतो. बेस गेल्यावर कान खाली काहीतरी शोधत राहतो आणि समेवर तो परत आला की डोकी हलतात. हिशोब एवढाच आहे.

ट्रॅपसाठी १४० बीपीएम धरा, स्नेअर फक्त तिसऱ्या मात्रेवर. तिथे ८०८ लांब वाजतो, पण पुढची नोट आली की आधीची थांबलीच पाहिजे. एफएल स्टुडिओमध्ये त्यासाठी 'कट इटसेल्फ' आहे, दुसरीकडे चॅनेल मोनो करा, म्हणजे एका वेळी एकच नोट वाजेल. दोन ८०८ एकावर एक चढले की नुसती गुरगुर होते.

पायरी ५: घिस्सा

ड्रिल (रॅपची एक शैली) ऐकताना बेस एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, ते स्लाइड. तबला शिकलेल्याला हे समजवावं लागत नाही. डग्ग्यावर मनगट दाबत पुढे सरकवलं की 'घेऽऽ'चा सूर चढतो, तोच हा प्रकार. फरक इतकाच की डग्ग्यावर मनगट किती आणि कधी सरकवायचं हे हात ठरवतो, इथे तुम्हाला आकड्यात सांगावं लागतं.

सिंथमध्ये मोनो चालू करा, ग्लाइड किंवा पोर्टामेंटो ८० ते १५० मिलिसेकंद ठेवा आणि दोन नोटा एकमेकींवर थोड्या चढवा. चढलेल्या ठिकाणीच घसरण होईल. एफएलमध्ये त्यासाठी वेगळी स्लाइड नोट आहे. सा वरून वरच्या सप्तकातल्या सा कडे घसरणं सगळेच करतात. सा वरून कोमल ग, किंवा पंचमावरून खाली सा, हे करून बघा. आणि चार आवर्तनांत एक-दोन घिस्से बास. प्रत्येक नोट घसरायला लागली की मळमळतं.

घरात किंवा शेजारी कुणी तबलजी असतील तर त्यांना केरव्यात फक्त डग्गा वाजवायला सांगा आणि फोनवर रेकॉर्ड करा. तो आवाज वापरायचा नाही, कुठे दाब येतो आणि कुठे हात उचलला जातो ते ऐकायचं आणि १६ घरांत मांडायचं. अशी ओळ कुठल्याही पॅकमध्ये मिळणार नाही.

पायरी ६: ढोल वापरायचाच असेल तर

नाशिकचा माणूस म्हटल्यावर ढोल येणारच. गणपतीच्या आधी पथकांचे सराव सुरू होतात, तिथे जाऊन विचारा, सहसा कुणी नाही म्हणत नाही. पण पहिल्यांदा फोन ढोलाजवळ धरून रेकॉर्ड केलेलं घरी ऐकलं की निराशा होते. मैदानावर छातीत धडधडणारा ढोल फोनमध्ये पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा येतो. फोनचा माइक मोठा आवाज आला की तो दाबून टाकतो, शिवाय बोलणं स्पष्ट यावं म्हणून खालचा भाग बऱ्याचदा कापतो.

पंधरा-वीस फूट लांब उभे राहा. सगळं पथक नको, एकाच वादकाला एक-एक ठोका सुटा वाजवायला सांगा, मध्ये दोन सेकंद थांबून. घरी आल्यावर त्यातलं फक्त टिपरूचं टोक आणि कातड्याचा घुमारा ठेवा, १०० हर्ट्झखालचं काढून टाका. खालचं वजन स्वतःच्या साइन टोनने द्या, सुरात लावलेल्या. दोन्ही एकाच क्षणी सुरू होतील असं जुळवा. कानाला अख्खा ढोल वाटतो आणि तो तुमच्या पट्टीतही असतो. संबळाच्या खालच्या बाजूलाही हीच युक्ती.

देवळाली कॅम्पच्या बाजूला राहणाऱ्यांनी रेकॉर्डिंग करताना तोफखान्याच्या सरावाची वेळ टाळावी. लांबचा धुमका ऐकायला भारी वाटतो, पण सॅम्पलच्या मध्येच आला की काढता येत नाही.

पायरी ७: मोबाइलवर ऐकू येऊ दे

तुमची बीट बहुतेक लोक फोनच्या स्पीकरवर ऐकणार आहेत आणि त्या चिमुकल्या स्पीकरला ४९ हर्ट्झ येतच नाही. तिथे फेडर कितीही चढवा, उपयोग शून्य.

उपाय सॅच्युरेशन. मूळ ४९ हर्ट्झच्या सुरावर थोडं डिस्टॉर्शन टाकलं की त्याच्या पटीतले सूर तयार होतात: ९८, १४७, १९६ आणि पुढे. फोन त्यातले वरचे वाजवतो आणि आपला मेंदू खालचा हरवलेला सूर स्वतःच भरून काढतो. बेसचा ट्रॅक डुप्लिकेट करा, दुसरा आधी चांगला रगडून डिस्टॉर्ट करा, मग त्यावर १२० हर्ट्झचा हाय-पास लावा आणि मूळ ट्रॅकखाली हळूच मिसळा. मूळ स्वच्छ राहतो. दुसरा एकटा ऐकला तर माशी गुणगुणल्यासारखा वाटेल, वाटू द्या.

पायरी ८: बाकीच्यांना वर पाठवा

पियानो, सॅम्पल, पॅड, सगळ्यांना १०० हर्ट्झच्या आसपास हाय-पास. रॅपरच्या आवाजाला ८०-९०. प, फ, ब, भ अशी अक्षरं जोरात पडली की माइकमध्ये खालचा धक्का येतो आणि मराठीत अशी अक्षरं पावलोपावली आहेत, त्यामुळे हे विसरून चालणार नाही. २०० ते ३०० हर्ट्झमध्ये सगळ्यांचीच गर्दी होते. तिथे सॅम्पलमधून दोन-तीन डीबी काढले की बेस आपोआप स्पष्ट होतो. १२० हर्ट्झखालचं सगळं मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखंच, ठेवा, डाव्या-उजव्या बाजूला पसरवलेला बेस मोठ्या सिस्टिमवर विरून जातो. मिक्स करताना मास्टरचा मीटर शून्याच्या सहा डीबी खाली राहू द्या.

रात्री घरचे झोपल्यावर अगदी हळू आवाजात बेसचा अंतिम निर्णय घेऊ नका. कमी आवाजात आपल्या कानाला खालचे सूर मुळातच कमी ऐकू येतात, त्यामुळे हात फेडरकडे जातोच. दुसऱ्या टोकाला विसर्जन मिरवणुकीतली डीजेची भिंत. तिच्यासमोर छाती हलते, पण गाणं कुठलं चाललंय ते चार घरं पुढे गेल्यावर कळतं. ते माप धरून मिक्स करणाऱ्यांची बीट तशीच निघते.

पायरी ९: बाहेर काढून ऐका

फोनवर, साध्या इअरफोनवर आणि मग गाडीत. ओळखीच्या कुणाच्या रिक्षात मागच्या सीटखाली सबवूफर बसवलेला असेल तर त्याच्यासारखी परीक्षा नाही. द्वारकेला वाहतूक तुंबते, तिथे गाडी उभी असताना एकदा ऐका आणि पुढे नाशिकरोडकडे वेग घेतल्यावर पुन्हा ऐका. टायरचा आणि इंजिनाचा आवाज खालच्याच भागात असतो, तो बेस झाकून टाकतो. उभ्या गाडीत बरोबर आणि चालत्या गाडीत नाहीसा होत असेल तर खालचा आवाज वाढवायचा नाही, सातव्या पायरीतला डिस्टॉर्ट केलेला ट्रॅक एखादा डीबी वर घ्यायचा. सोबत आवडत्या एखाद्या व्यावसायिक गाण्याशी तुलना करा, पण दोन्हींचा आवाज सारखा करून, नाहीतर जे मोठं तेच चांगलं वाटतं.

रॅपरला बीट देताना एक पूर्ण फाइल द्या आणि किक, बेस, बाकी वाद्यं यांच्या वेगळ्या फाइली द्या. बीटवर रॅपरचा आवाज चढल्यावर बेस हमखास थोडा हलवावा लागतो आणि एकाच फाइलमध्ये सगळं असेल तर ते शक्य नसतं. फाइलच्या नावात पट्टी आणि बीपीएम दोन्ही लिहा, म्हणजे समोरचा हार्मोनियम घेऊन बसला तरी फोन करून विचारणार नाही.